खालच्याला सांगून चढणारा

झाड पाडणं वेगळं आणि झाड उतरवणं वेगळं. मोकळ्या जागेत कुऱ्हाड चालवता आली की भागतं. पण कौलांवर झुकलेला फणस फांदी फांदी करून दोरीने खाली घ्यायचा, तर वर एक भिकाजी लागतो आणि खाली एक रावजी. हातखंब्याजवळच्या वाडीत ही जोडी उमेदीच्या वयापासून टिकली होती. भिकाजी वर गेला की कोयत्याच्या पाठीने फांदी ठोकून बघे. पोकळ वाजली, तर आधी खाली ओरडून सांगे. रावजी त्या बेताने बुंध्याला दोरीचे वेढे देई.

विमा उतरवतानाही भिकाजीने तेच केलं. एजंट नितेश वाडीतलाच. त्याने सुचवलं, धंदा शेती लावू, हप्ता कमी बसेल, मांडीतल्या सळईचं कोण विचारतंय. भिकाजी ऐकेना. झाडं उतरवतो, एकदा पडलोय, मांडीत सळई आहे, सगळं लिहायला लावलं. डॉक्टरी तपासणी झाली, हप्ता वाढून आला. हा माणूस स्वतःच्याच खिशाविरुद्ध साक्ष देतो, असं त्याची बायको सोनूबाई बोलून गेली.

पुढच्या शिमग्यानंतर भिकाजी एका आंब्यावरून पडला आणि गेला. फांदी पक्की होती, दोरीही. पाय सरकला.

सोनूबाईने दावा लावला. मनस्वीला, तिच्या मुलीला, रत्नागिरीत नर्सिंगला जागा मिळाली होती. ती जागा आता या दाव्यावर उभी होती. पॉलिसीला तीन वर्षं झाली नव्हती, म्हणून कंपनीने चौकशीला सुहास नावाचा माणूस पाठवला. तो आधी वाडीत फिरला.

धोक्याचा धंदा आणि जुनी दुखापत कळली तर पैसे बुडतील, या भीतीने वाडीने मात्र आपसात ठरवून टाकलं होतं की सोनूबाईला सांभाळायचं. चहावाला म्हणाला, भिकाजी आणि झाडावर? छे, शेतीतला माणूस. त्या दिवशी कुणाच्या तरी भरीला पडून चढला. पाय? घोड्यासारखा चालायचा. रावजीनेही मान खाली घालून तेच सांगितलं.

संध्याकाळी सुहास सोनूबाईच्या ओटीवर येऊन बसला. पाणी प्यायला आणि सरळ बोलला.

"काकू, फॉर्मात एक माणूस आहे आणि वाडीत दुसराच. ज्याचा विमा उतरवला तोच गेला, हे मी कंपनीला कसं पटवू?"

सोनूबाईच्या ध्यानात आलं. दावा अडत होता, आणि अडवत होती आपलीच माणसं. तिने रावजीला बोलावून घेतलं. तो आला, मागून चहावालाही आला.

"वहिनी, तुमच्यासाठीच बोललो," रावजी म्हणाला.

"ठाऊक आहे, भावजी. पण फांदी पोकळ असून पक्की आहे म्हणून यांनी वरून सांगितलं असतं, तर तुम्ही दोरी धरली असती कशी?"

रावजी उठला. घरी गेला, खांद्यावर दोरी घेऊन परतला आणि सुहासला घेऊन निघाला. जिथे जिथे झाडं उतरवली होती त्या घरांतून नेलं. माणसं खरं सांगू लागली. चहावाल्याला तर इतका जोर आला की भिकाजीची सळई एस्टीच्या थांब्यापर्यंत वाजायची, असं तो सांगू लागला. त्याला सोनूबाईनेच गप्प केलं. आहे तेवढंच, म्हणाली. मग तिने पायाचा एक्सरे काढून दिला.

सुहासने सगळं टिपून घेतलं. जाताना त्याने कायदा समजावला. पहिल्या तीन वर्षांत कंपनीला खोदून विचारता येतं, कारण लपवणाऱ्याचा भार शेवटी खरं सांगणाऱ्यांच्या हप्त्यावर पडतो. पण दावा नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि ते पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तीन वर्षं उलटली की मात्र कंपनीला पॉलिसीवर शंका घेता येत नाही.

"भिकाजींनी काही लपवलंच नाही," तो म्हणाला. "मी काय खोदणार?"

दावा मंजूर झाला. मनस्वी रत्नागिरीला गेली.

त्यानंतर रावजी स्वतःचा विमा उतरवायला नितेशकडे गेला. सोबत सोनूबाई होती. नितेशने एकेक प्रश्न वाचला. वय झालं, धंदा झाला. मग तंबाखूचा प्रश्न आला. रावजीने सोनूबाईकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. रावजीने खिशातून चंची काढली आणि टेबलावर ठेवली.