ओझोनवाले चाचा

बोलण्याआधी चाचा नाक वर करून हवा हुंगायचे आणि विचारायचे, "वास आला काय?" समोरचा काही म्हणायच्या आत स्वतःच सांगायचे, "हेच औषध."

दिग्रसला माझ्या औषधाच्या दुकानाला लागून त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. कापसाच्या जिनिंगमधल्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात त्यांची हयात गेली. ठिणगी उडाली की येणारा तो तिखट वास ओझोनचा, हे त्यांना नागपूरच्या एका डॉक्टरचं यंत्र दुरुस्त करताना कळलं. ओझोननं जखमा भरतात, अँटिबायोटिक लागतच नाही, असं तो डॉक्टर म्हणाला आणि चाचांना दुसरं काही सुचेना. कापसाची ती वाईट वर्षं. निम्म्या जिनिंग बंद, मोटारी यायच्या थांबल्या. चाचांनी दोन महिन्यांत तेलाच्या डब्यात तसलंच यंत्र बसवलं आणि फुकट उपचार सुरू केले.

जखमेचा पाय प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, तोंड सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळायचं, आत नळी सोडायची. ओझोननं रबर कुजतं. त्यामुळे पट्टी हमखास मध्येच तुटायची आणि रोगी, चाचा आणि शेजारचा मी, तिघंही खोकत रस्त्यावर यायचो.

"याच्यापुढं रबर टिकत नाही, जंतू काय टिकन?" चाचा खोकता खोकता म्हणायचे. लोडशेडिंग झालं की रोगी पाय पिशवीत ठेवूनच बसून राहायचा. एकाला तर चाचींनी तसंच जेवू घातलं.

माझ्या दुकानातला माल त्यांच्या लेखी जहर होता. पण गिऱ्हाईक दोनच कॅप्सूल मागायला लागलं की म्हणायचे, "दोन गोळ्यानं जंतू मरत नाही, भाऊ. हुशार होते."

मग शेवंताबाईच्या पायात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या कापलेल्या झाडाचा, खुंट घुसला. ती आमच्याच गल्लीतली, शेतात मजुरीला जाणारी. मी डॉक्टरकडे जा म्हटलं, पण तिचा चाचांवर विश्वास. चार दिवस ती पिशवीत पाय घालून बसली. चौथ्या दिवशी तिला थंडी वाजायला लागली. चाचा माझ्या काउंटरपाशी येऊन उभे राहिले.

"भाऊ, सूज पोटरीवर चढून राह्यली. कोणती गोळी देतं?"

आता गोळीचं काम राहिलं नाही, यवतमाळलाच न्यावं लागेल, असं मी सांगितलं. चाचांनी यंत्राचं बटन बंद केलं. बसमध्ये सगळी वाट त्यांनी तिचा पाय स्वतःच्या मांडीवर धरला होता. मी मागच्या सीटवर होतो.

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं कधी लागलं म्हणून विचारलं. शेवंताबाई म्हणाली, "कालच लागलं जी."

"खोटं बोलते, साहेब," चाचा म्हणाले. "चार दिवस झाले. माह्यामुळं वाया गेले. लिहून घ्या."

डॉक्टरनं मान वर करून नेमकं काय केलं ते विचारलं. चाचांनी सांगायला सुरुवात केली, आणि सांगता सांगता इतके रंगले की यंत्राच्या जोडणीपर्यंत पोचले. डॉक्टरनं त्यांना बाहेर बसवलं.

तिथं ते नऊ दिवस राहिले. इंजेक्शनची वेळ व्हायच्या पाच मिनिटं आधी नर्सपुढे जाऊन उभे राहायचे. शेवटी ती त्यांना पाहून वाट बदलायला लागली. शेवंताबाईचं एक बोट गेलं, पाय वाचला.

यंत्र भाच्याच्या मासळीच्या दुकानात गेलं. तिथला वास मात्र खरोखर कमी झाला. चाचांचा विश्वास काही पुरता गेला नाही. "दवा बराबर होती, बिमारी मोठी निघाली," असं ते म्हणायचे. पण त्यानंतर कोणी जखम दाखवायला आलं, की त्याला हात धरून डॉक्टरकडे नेऊन बसवायचे आणि त्याचा नंबर लागेपर्यंत हलायचे नाहीत.

तीन वर्षांनी चाचा झोपेतच गेले. मय्यतीच्या मागे बरंच अंतर ठेवून शेवंताबाई चालत होती. कब्रस्तानाच्या फाटकाशी ती थांबली. आम्ही माती देऊन बाहेर आलो, तेव्हाही तिथंच उभी होती. ऊन कडक होतं. मी स्कूटर आणली आणि तिला मागे बसायला सांगितलं.

"तुमी व्हा पुढं," ती म्हणाली. "मी पायीच येतो."