रिप्ले वाटलेला गोल
“हरायलाच जातात ना ही पोरं? मग तू कशाला कापणी बुडवतेस?” आमच्या अच्छाडच्या ढाब्यावर रोट्या भाजणाऱ्या मावशी आपल्या मुलीला म्हणत होत्या. टीव्हीवर सतरा वर्षांखालच्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये आपला संघ खेळत होता. मुलगी उधव्याच्या शाळेकडून फुटबॉल खेळायची. त्याच आठवड्यात पालघरला जिल्हा संघाची निवड होती आणि मावशींच्या शेतात भात पिकून उभं होतं. मी गल्ल्यामागे बसून तिच्याकडे बघत होते. आपण गोल केला तेव्हा ट्रकवाले खाटांवर उभे राहिले, कुणी ताट वाजवलं. तेवढ्यात चेंडू पुन्हा जाळीत गेला आणि सगळ्यांनी पुन्हा टाळ्या पिटल्या, कारण आम्हाला तो रिप्ले वाटला. “अरे, आ तो एमनो गोल छे!” हा तर त्यांचा गोल, असं एक गुजराती ड्रायव्हर ओरडला आणि ढाबा हसला. मुलगी हसली नाही. सामना हरल्यावर मावशी एवढंच म्हणाल्या, “बघितलंस? उद्या विळा घे.” ती मान खाली घालून ताटं उचलू लागली. इंग्रजी शाळेत शिकल्याने माझं मराठी अडखळायचं, म्हणून मी मावशींशी फार बोलत नसे. आजही तव्यावर जळलेल्या पिठाचा वास आला की त्या दिवशीचा माझाच आवाज आठवतो: “मावशी, वर्ल्ड कपमध्ये आपला आजवर एकही गोल नव्हता. आज झाला. तिला जाऊ द्या, कापणीला मी येते.”