बोंडलंभर औषध

आमच्या कमरीपेठेत शिकलेल्यांना तोटा नाही, पण प्रश्न विचारायची लाज सगळ्यांना. अंबूताईंना ती नाही. शाळा कानडी चौथीपर्यंत, तीस वर्षं तान्ह्या बाळांना न्हाऊमाखू घालतात, आणि चौकशा एवढ्या की वकिलाला घाम फुटावा.

गेल्या महिन्यात त्या दीपश्रीकडे पोचल्या, तर तिचा नऊ महिन्यांचा श्रीहरी तापाने फणफणलेला. दीपश्री बोंडल्यात औषध ओतत होती. बोंडलं म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची चांदीची वाटी. त्या घरात औषधाचं मापही तेच. मागच्या तापात डॉक्टरांनी सांगितलेलं पाच मिली सिरप त्यात बरोबर मावायचं. ते संपलं, म्हणून जावेने आपल्याकडची बाटली दिली होती. औषध तेच, पॅरासिटामॉल. मग माप कशाला बदलायचं?

अंबूताईंनी बाटली फिरवून पाहिली. "ही एवढीशी का गं? तीन बोंडल्यांत संपेल. आणि ही नळी कशाला दिलीय?"

पोर रडतंय आणि ताईंना बाटलीचं कौतुक, म्हणून दीपश्री वैतागली. पण हात थांबला. ताई ही बाटली आणि जुनी रिकामी, दोन्ही घेऊन कोपऱ्यावर मंजुनाथच्या औषधाच्या दुकानात गेल्या.

त्याने लेबलं वाचली. मोठ्या बाटलीत पाच मिलीला सव्वाशे मिलिग्रॅम; छोटीत एकाच मिलीला शंभर.

"अंबक्का, बोंडलंभर गेलं असतं तर चौपट झालं असतं. लिव्हरवर येतं ते."

"मग हे मोठ्या अक्षरांत का लिहीत नाहीत?"

हा प्रश्न आता मीही सोडणार नाही.

परत येऊन ताईंनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी आधी वजन विचारलं. लसीच्या कार्डावर आठ किलो होतं. मग सांगितलं: बाटलीबरोबरच्या नळीनेच एक मिली, सहा तासांच्या आत पुन्हा नाही, बाळ मलूल झालं किंवा त्याने दूध सोडलं तर घेऊन या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचं काय, हेही ताईंनी खोदून विचारलं. त्याला ताप आला तर घरचं औषध नाहीच, थेट दवाखाना.

दीपश्रीने डोस दिला. आता ताईंना नवीनच शंका: आत झोपलेल्या दीपश्रीच्या सासूबाई उठल्या आणि त्यांनी मायेने पुन्हा पाजलं तर? त्यांनी दीपश्रीकडून दाराच्या चौकटीवर खडूने डोस दिल्याची वेळ साडेदहा आणि पुढची साडेचार लिहून घेतली, कानडी आकड्यांत, कारण सासूबाईंची शाळा कानडी.

साडेबाराला सासूबाई उठल्या, नातवाच्या कपाळाला हात लावला, बाटली उचलली. चौकटीकडे बघितलं. बाटली परत फळीवर ठेवली.