वाळुंज शोधणारी मंडळी

नाला साफ करणाऱ्यांकडे कौतुकाचे किस्से असतील असं लोकांना वाटतं. आमच्याकडे सगळे लाजेचे! पाचोऱ्याजवळच्या एका नाल्यावर आम्ही कॉलेजातले पाच शिक्षक दर रविवारी तण काढायला जातो, आणि सोमवारी स्टाफरूममध्ये चहा आला की कोणीतरी नवा किस्सा काढतोच. मी बॉटनीची, त्यामुळे बहुतेकांत मीच सापडते.

*

पहिल्याच रविवारी आम्ही ढीगभर जलपर्णी ओढून काठावर रचली आणि ढिगासमोर फोटो काढले. ढीग पाण्याला टेकलाय हे कोणी पाहिलंच नाही. पुढच्या रविवारी तो मजेत परत पाण्यात पसरलेला! केमिस्ट्रीचे पाटील सर म्हणाले, "मॅडम, फोटो तरी आपले खरे आहेत." मी ग्रुपवरून ते काढून टाकले, पण तोवर प्राचार्यांनी अंगठा दिला होता.

*

करंजाच्या रोपांना आधार हवा होता. बेशरमाचं तण नुकतंच छाटलेलं, काठ्या फुकटच्या! प्रत्येक रोपाशेजारी एक रोवली. काठावर राहणाऱ्या, टोपल्या विणून विकणाऱ्या सुमनअक्का रोज इमानदारीने पाणी घालायच्या. दोन महिन्यांनी करंज वाळले आणि काठ्यांना गुलाबी फुलं आली. बेशरम नुसत्या काडीवरून जगतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते हो!

*

लावायच्या झाडांच्या यादीत सगळ्यात वर होता वाळुंज, पाण्याकाठी वाढणारा आपला देशी विलो. पूर्वी या नाल्याच्या दोन्ही काठांना होता म्हणे, आता दिसतच नव्हता. तो परत आणीनच, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले होते. जळगावच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या, मग गाडी करून धुळ्याला गेलो. तिथल्या माणसाने लोंबत्या फांद्यांची दोन रोपं हातात ठेवली. घाईत मी नीट पाहिलीही नाहीत. नारळ फोडून लावली. फुलं आल्यावर कळलं, बॉटलब्रश! मूळचा ऑस्ट्रेलियाचा.

*

हा शेवटचा सांगताना अजून माझी मान खाली जाते.

थंडीचे दिवस होते. वळणावर पानं गळालेल्या काठ्यांचं एक बेट होतं, चहूबाजूंनी बेशरमाने वेढलेलं. मी लांबूनच सांगितलं, हेही काढा, मुळासकट. पलीकडच्या काठावरून सुमनअक्का हात हलवून नको नको म्हणत होत्या. मला वाटलं, त्यांना सरपण हवंय. मी मोठ्याने म्हटलं, "अक्का, हे तण आहे. मी हेच शिकवते."

त्या पाण्यातून चालत येईपर्यंत बेट संपलं होतं. पाटील सरांच्या हातातली एक काठी त्यांनी घेतली, नखाने साल सोलली आणि हळूच म्हणाल्या, "वाळुंज व्हता तो."

आख्ख्या नाल्यावर तेवढाच उरला होता. टोपल्यांसाठी त्या दरवर्षी त्याच्या काड्या छाटायच्या, म्हणून तो कधी उंच झालाच नव्हता. त्यांच्या टोपल्या कशाच्या, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पुढचे तीन रविवार मी डोकं दुखतंय म्हणून टाळले. चौथ्या रविवारी पाटील सर दारात गाडी घेऊन उभे राहिले. नाल्यावर गेलो तर अक्का काठावर बसलेल्या. शेजारी पाण्याने भरलेली बादली, तिच्यात बोटभर जाडीच्या वीसेक काड्या, बुडाला पांढरी मुळं फुटलेली. प्रत्येक काडीला लाल चिंधी बांधलेली.

मला पाहून त्या उठल्या, पदर सारखा केला.

"मॅडम, वाळुंज परत लावू का? बठ्ठास्ले चिंधी बांधेल शे. तुमले वळखू येई."