अण्णाचं झाकण

अण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी जयसिंगपूरच्या आमच्या क्लासमध्ये शिकवत होतो. फळ्यावर पातेलं काढलेलं होतं, त्याच्याच पद्धतीचं. हातातला खडू ठेवला आणि पोरांना सुट्टी दिली.

बसवराज, म्हणजे सगळ्यांचा अण्णा, आणि मी, दोघांनी मिळून नव्वदच्या दशकात हा कॉम्प्युटर क्लास काढला. अण्णाचा प्रोग्राम म्हणजे सरळ रेघ. आधी हे कर, मग ते कर, सगळा माल डोळ्यांसमोर. पुढे ऑब्जेक्टचा जमाना आला. माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र बांधायचं, आतलं आतच ठेवायचं, बाहेरच्यानं नुसतं 'हे करून दे' म्हणायचं; या झाकून ठेवण्याला म्हणायचं अ‍ॅबस्ट्रॅक्शन. अण्णाला हे मुळीच पटेना. "झाकून कशाला ठेवायचं? उघडं असलं म्हंजे चूक घावती की!" गडी महाहट्टी. इकडे पोरं एकेक करून कोल्हापूरच्या नव्या क्लासेसकडे निघाली. क्लास बंद पडणार हे मला दिसत होतं, आणि शिकवल्याशिवाय हा माणूस जगणार नाही, हेही.

एका दुपारी त्याच्या घरी यावरूनच आमची जुंपली. भांडता भांडता अण्णा गॅसपाशी गेला आणि त्यानं आमटीवरचं झाकण उचललं. ही त्याची जन्माची खोड. पार्वतीवहिनी कडाडल्या, "सारखं झाकण काय काढतायसा? आत कसं शिजतंय ते माझं मी बघते. तुमास्नी जेवायचं हाय न्हवं?"

मला हसू फुटलं. अण्णा मात्र झाकण हातात धरून उभाच. मग हळूच म्हणाला, "मास्तर, इतकं दिस हेच सांगत हुतास व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी अण्णानं फळ्यावर झाकण ठेवलेलं पातेलं काढून ऑब्जेक्ट शिकवला, आणि पोरंही हळूहळू परत आली. एका पोरीनं तर परीक्षेत अ‍ॅबस्ट्रॅक्शन म्हणजे 'आमटीवरचं झाकण' असं लिहून गुण घालवले. अण्णा खूश! "तपासणाऱ्यानं कधी सैपाक केला नसंल," म्हणाला. त्याचा हा निलाजरा अभिमान मला फार आवडायचा.

परवा वहिनींनी जेवायला बोलावलं. आमटी रटरटत होती, पातेलं उघडंच. झाकण ओट्यावर पालथं पडलेलं. मी ते उचलून पातेल्यावर ठेवायला गेलो.

"ऱ्हाऊ द्या भावजी," वहिनी म्हणाल्या. "झाकलं की वाटतंय, आत्ता येतील काढाय..."