काकूंच्या आईचा पदर

गिरण्या बंद पडल्या त्या वर्षांतली गोष्ट. घाटकोपरच्या चाळीत मी जुन्या पायमशीनवर परकर शिवायची, साड्यांना फॉल लावायची. नवरा घरी बसला होता, म्हणून मी पुढचं सगळं केलं असं आता सांगता येईल. पण ते खरं नाही. मला नाव काढायचं होतं.

अंधेरीला एका बाईंचं दुकान होतं. जुन्या लुगड्यांच्या काठपदराच्या सहा पिशव्या शिवून दाखव, आवडल्या तर कायमचं काम देईन, असं त्या म्हणाल्या होत्या. बोहारणीच्या गाठोड्यातून निवडून पाच झाल्या. सहावीसाठी मनासारखं कापड मिळेना.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकू त्यांच्या आईचं इरकल लुगडं घेऊन आल्या. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि आता लेकीला मुलगा झाला होता. बारशाला त्याच लुगड्याचं दुपटं हवं होतं. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापडच बाळाच्या अंगाला लावायचं, ही आमच्याकडची रीत. पदर तेवढा वरच्या बाजूला ठेव, असं काकूंनी दोनदा बजावलं. पणजीचा पदर त्याच्या अंगावर पडू दे, म्हणाल्या.

पदर लालभडक होता, एक धागा सुटलेला नव्हता. रात्रभर विचार केला वगैरे काही नाही. सरळ कात्री चालवली. दुपट्याला गाठोड्यातला दुसरा लाल काठ जोडला आणि बारीक धावदोरा घातला. टाके सुरेख आले, याचा मला अभिमानही वाटला. इतकी मी निलाजरी.

अंधेरीच्या बाईंना सहावी पिशवी सगळ्यांत आवडली. कायमचं काम मिळालं. आज लोक मला कारागीर म्हणतात, ते त्या कामामुळेच.

बारशाच्या दिवशी काकूंनी दुपटं उलगडलं, हात फिरवला आणि पदर कुठाय, असं हळूच विचारलं. पार विरला होता, टाका धरेना, असं मी ठोकून दिलं.

"विरलेला का असेना," काकू म्हणाल्या, "चिंध्या दे. मी ठेवीन."

"कालच कचऱ्यात टाकल्या हो, काकू."

त्यांनी मान डोलावली आणि मला आग्रहाने घुगऱ्या वाढल्या. मी त्या खाल्ल्याही.

पाहुणे पांगल्यावर मी गॅलरीत आले, तर काकू खाली चाळीच्या कचराकुंडीपाशी वाकल्या होत्या. अंगावर बारशाची नवी साडी. एका हाताने निऱ्या वर धरून दुसऱ्या हातातल्या काठीने त्या ढीग उपसत होत्या. एखादी चिंधी लागली की उचलून उजेडात बघायच्या आणि बाजूला ठेवायच्या.

हाक मारायला मी तोंड उघडलं. मग त्या वर येण्याआधी आत गेले आणि दार लावून घेतलं.