आत्याचा बिल्ला

आमच्या मिशनचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी निवृत्त मास्तर, म्हणजे रिकामाच, असं चर्चच्या मंडळीनं परस्पर ठरवलं. मिशन तरी केवढं? प्रेस्बिटेरियन पंथाचे दोन-तीन पाद्री मोठ्या मिशनशी भांडून वेगळे झाले. जालन्यात एक बंगला, एक दवाखाना, भोकरदनकडच्या चार गावांत प्रार्थनेच्या खोल्या. मग परदेशातून मदत आटली, साहेब गेले, दवाखान्याला कुलूप लागलं. दोन पानांत आटोपणारी गोष्ट, पण यांना पुस्तक हवं होतं.

म्हणून सभांच्या जुन्या वह्या उपसत बसलो. डोळे चुरचुरायचे, पाठ धरायची. आमच्यात मंडळीनं निवडलेल्या कारभाऱ्यांना वडील म्हणतात. प्रभुभोजनाच्या आधी ते घरोघर जाऊन नीट वागणाऱ्याला पत्र्याचा बिल्ला देत. तो असेल तरच रविवारी भाकर आणि द्राक्षरस मिळायचा. एका वहीत माझ्या आत्याचं प्रकरण निघालं. पोरगं तापानं फणफणलं म्हणून ती शेजारणींबरोबर पिंपळगावच्या रेणुकाईला जाऊन आली होती. वडिलांनी दारात येऊन तिचा बिल्ला काढून नेला. एवढं मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. दोन वर्षांनी तिला माफी दिली होती, आणि त्याच सभेत बिल्ल्यांची पद्धतही बंद केली होती. अक्षर माझ्या बाबांचं, तेच तेव्हा चिटणीस होते.

मला बाबांचा भयंकर राग आला. आत्या उभा जन्म मागच्या बाकावर बसली आणि भाकर मोडायच्या आधी उठून गेली, हे मी लहानपणापासून पाहत आलो. सख्ख्या बहिणीला एवढं सांगवलं नाही?

केदारखेड्याला गेलो. आत्या आता खाटेवरच असते. तिला वही वाचून दाखवली.

"सांगितलं व्हतं की तुझ्या बापानं," ती म्हणाली. "त्याच दिशी आल्ता."

"मग गेली का नाहीस?"

"बिल्ला कुठं दिला?"

"आत्या, सगळ्यांचेच बंद झाले होते."

"लोकायचे बंद झाले. माझा नेल्ता. सारी गल्ली बघत व्हती. दारातून नेला, तं दारात आनून द्यायचा का न्हाई?"

बाबांवरचा राग आता कुठं ठेवावा ते कळेना. त्या सभेतल्या चार शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही हे डोक्यात येऊ नये? मी म्हटलं, मिशनच्या कपाटात अजून बिल्ले पडलेत, उद्याच आणतो.

"तू वडील हायेस का?"

नव्हतो. शेवटचे वडील या उन्हाळ्यात वारले. त्यांच्या जागी मला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी हात जोडले. थकलो म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

"मंग आता कोन हाय?"

"कोणीच नाही. मला विचारत होते."



"मंग हो म्हन," ती म्हणाली. "पन जल्दी. आता नुसता घोट जातो, भाकर गिळवत न्हाई."